पावसाळ्यात केएनएनच्या पेलेट्स भुसभुशीत होतात: दरवर्षी परत येणाऱ्या अडचणीचा तपास

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमची अडचण हीच आहे की वेगळी, ते लगेच कळेल. पोटॅशियम सोडियम नायोबेटच्या, म्हणजे केएनएनच्या, पेलेट्स (पावडर दाबून भाजलेल्या चकत्या) हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात केल्या. भट्टीतून निघाल्या तेव्हा टणक होत्या, नखाने टिचकी मारली तर खणखणीत वाजायच्या. नाव-तारीख घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या. जुलैत पिशवी उघडली तर कडा भुसभुशीत, वर पांढरा फुलोरा, आणि एखादी चिमटीत धरताच पीठ. त्याच जुलैत नव्या केलेल्या पेलेट्स मात्र फुटत नाहीत. त्यांचा त्रास निराळा: डी-३३, म्हणजे दाबल्यावर किती वीज निघते तो आकडा, जवळजवळ निम्म्यावर येतो, घनता भरत नाही, एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या तपासणीत) नको ती शिखरं उगवतात. दिवाळी झाली की सगळं आपोआप ताळ्यावर येतं आणि आपण विसरून जातो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

लातूरच्या एका संशोधन केंद्रात माझं पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू आहे. यातले दोन पावसाळे या एका गोष्टीत गेले. आपल्याकडे वातानुकूलित खोली, ग्लव्ह बॉक्स असं काही नसतं. असतो एक काटा, एक ओव्हन, एक मफल फर्नेस आणि उघडी खिडकी. तेवढ्यावर ही अडचण सोडवता येते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

केएनएनवर काम करणाऱ्यांना ‘का’ हे सांगायची गरज नाही. पण नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी दोन ओळी. दाब दिला की वीज आणि वीज दिली की हालचाल, हे काम आज मुख्यतः लेड झर्कोनेट टायटनेट करतं आणि त्याच्या वजनात ६० टक्क्यांहून जास्त शिसं असतं. शिसं नसलेल्या पर्यायांत केएनएन पुढे आहे. १९५९ साली एगर्टन आणि डिलन यांनी त्याच्या सिरॅमिकचे गुणधर्म मांडले. मग २००४ साली जपानमध्ये साइतो आणि सहकाऱ्यांनी कण एका दिशेला लावून बनवलेल्या सुधारित केएनएनचा डी-३३ ४१६ पिकोकुलोंब प्रति न्यूटनपर्यंत नेला, आणि जगभर लोक याच्या मागे लागले. आपल्यासारख्यांच्या साध्या भट्टीत, काही न मिसळता केलेल्या केएनएनचा आकडा ८० च्या आसपास आला तरी काम चांगलं झालं असं समजायचं. माझा जुलैतला आकडा ४० ते ४५ यायचा.

पहिल्या पावसाळ्यात मी सगळं चुकीच्या टोकाने शोधलं. आधी थर्मोकपलवर, म्हणजे भट्टीच्या तापमापकावर, संशय घेतला. मग बाइंडरवर, म्हणजे पावडर धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्यावर: पीव्हीएचं द्रावण जुनं झालं असेल म्हणून नवं केलं. मग प्रेसचा दाब कमी-जास्त केला. सिंटरिंगचं, म्हणजे पेलेट भाजून टणक करण्याचं, तापमान १० अंशांनी वर नेलं, तर दोन पेलेट्स अल्युमिनाच्या तुकड्याला चिकटून बसल्या. वजनं करायला मदत करणाऱ्या एमएस्सीच्या मुलीलाही मी एकदा बोलले की तू काट्याकडे नीट बघत नाहीस. तिची काहीच चूक नव्हती आणि नंतर मी तिला तसं सांगितलं. ती अगदी चौथ्या दशांशापर्यंत बरोबर तोलत होती. तोलत काय होती, प्रश्न तो होता.

धागा सापडला तो वहीत. प्रत्येक बॅचपुढे मी एकच तारीख लिहीत असे, सिंटरिंगची. एका संध्याकाळी दोन रकाने पाडले: ‘केव्हा केली’ आणि ‘केव्हा बिघडली’. जुन्या नोंदी त्यात भरत गेले तसं दिसलं की पीठ झालेल्या सगळ्या पेलेट्स डिसेंबर ते मे या काळात केलेल्या होत्या. जून ते सप्टेंबरमध्ये केलेली एकही पेलेट कधी भुसभुशीत झाली नव्हती, ती मुळातच कमकुवत गुणांची निघत होती. म्हणजे आजार दोन होते. दोन्ही पावसाळ्यात दिसायचे म्हणून मी त्यांना एकच समजत होते. तुमच्याकडेही असं होत असेल तर बाकी काही करण्याआधी हे दोन रकाने पाडा.

त्याच सुमारास सोयाबीन घालायला मी अण्णांसोबत लातूरच्या मोंढ्यात गेले होते. पाऊस लांबलेला, माल ओलसर. मॉइश्चर मीटरवर आकडा १२ च्या वर गेला की भाव तुटतो, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. हमीभावाच्या खरेदीलाही ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्केच. मी अण्णांना म्हटलं, दोन दिवस थांबून वाळवून आणलं असतं. तर म्हणाले, “वाळवलं की वजन घटतंच माय. पर ओला माल काट्यावर घातला तर दाणा किती अन् पाणी किती, हे कुणाला ठावं?”

केएनएन होतं ते पोटॅशियम कार्बोनेट, सोडियम कार्बोनेट आणि नायोबियम पेंटॉक्साइड मिसळून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली पोटॅशियम कार्बोनेटची बाटली उघडली. २.००० ग्रॅम पावडर क्रुसिबलमध्ये घेऊन २०० अंश सेल्सिअसला चार तास ठेवली, डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) गार केली, पुन्हा तोलली. १.७८ ग्रॅम भरली. बाटलीवर ‘निर्जल’ लिहिलं होतं आणि आत ११ टक्के पाणी होतं. सोडियम कार्बोनेटमध्ये सुमारे ३ टक्के निघालं. हे आकडे माझ्या बाटल्यांचे आणि त्या आठवड्याचे, तुमचे वेगळे असतील. पोटॅशियम कार्बोनेट हवेतलं पाणी पुरतं शोषून दीड रेणू पाण्याचं हायड्रेट झालं तर वजनाचा १६ टक्क्यांहून थोडा जास्त भाग पाणीच असतो. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की तीच बाटली त्या मानाने शहाण्यासारखी वागते.

आता यात दुसरी गाठ अशी की मी प्रत्येक बॅचमध्ये दोन्ही कार्बोनेट्स ५ टक्के जास्त घालत होते. सिंटरिंगमध्ये अल्कली, म्हणजे पोटॅशियम-सोडियम, उडून जाते म्हणून थोडी आगाऊ घाला, असं ठिकठिकाणी वाचलेलं. ते चूक नाही. पण हिशेब मांडून बघा. पावसाळ्यात पोटॅशियम १.०५ गुणिले ०.८९, म्हणजे ०.९३. सोडियम १.०५ गुणिले ०.९७, म्हणजे १.०२. दोन्ही मिळून नायोबियमच्या एका भागाला अल्कली ०.९८ च्या आतच, आणि पोटॅशियम-सोडियमचं निम्मं-निम्मं गुणोत्तरही ढळलेलं. वर भट्टीत थोडी उडणार ती वेगळीच. अल्कली कमी पडली की नायोबियम जास्त असलेली, टंगस्टन ब्राँझ प्रकारची दुय्यम फेज, म्हणजे वेगळ्या रचनेचा नको असलेला पदार्थ, तयार होते. एक्सआरडीत २२ आणि ३२ अंशांच्या मुख्य शिखरांच्या मधल्या मोकळ्या जागेत जी ठेंगणी शिखरं दिसत होती, ती हीच. हा जुलैच्या बॅचेसचा आजार.

हिवाळ्यात उलट. पावडर बरीच कोरडी, तिच्यावर ५ टक्के आगाऊ. झाकलेल्या क्रुसिबलमध्ये, त्याच पावडरीत पुरून सिंटर केलं तर अल्कली फारशी उडत नाही. मग ती जाते कुठे? कणांच्या सीमांवर अल्कलीने भरलेल्या, पाण्याला हपापलेल्या फेज होऊन बसते. थंडीत, उन्हाळ्यात काही दिसत नाही. डी-३३ चांगला येतो, घनता चांगली येते, आपण खूश. पहिल्या पावसाची दमट हवा लागली की त्या सीमा पाणी ओढतात, फुगतात आणि पेलेट कणाकणाने सुटते. जानेवारीत घातलेली चूक जुलैत उगवते. म्हणूनच ती इतके दिवस सापडली नाही.

वजन कसं करायचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं यावर आहे.

दोन्ही कार्बोनेट्स २०० अंशांला रात्रभर वाळवा. शंभराला भागत नाही: पोटॅशियमच्या हायड्रेटचं पाणी त्याहून वर जातं, आणि हवेतल्या ओलाव्यासोबत कार्बन डायऑक्साइड घेऊन थोडं बायकार्बोनेट झालं असेल तर तेही मोडायला हवं. रात्रीतून लाइट जाऊन ओव्हन बंद पडलेला असू शकतो, त्यामुळे तासांवर विसंबू नका. तोला, पुन्हा एक तास ठेवा, पुन्हा तोला. दोन वजनं जुळली तरच वाळलं. नायोबियम पेंटॉक्साइड एवढं पाणी घेत नाही, पण नवी बाटली उघडली की त्याचाही एक नमुना चांगल्या तापमानाला भाजून किती घटतो ते पाहून ठेवा.

गरम पावडर काट्यावर ठेवू नका. वर उठणाऱ्या हवेमुळे आकडा कमी दिसतो आणि हलत राहतो. डेसिकेटरमध्ये गार करा, आणि त्याआधी सिलिका जेलचा रंग बघा. आमच्या डेसिकेटरमधलं जेल कित्येक महिने गुलाबी पडलेलं होतं आणि रोज झाकण उघडणाऱ्या कुणाच्याही ते डोळ्यांत आलं नव्हतं. जेल ओव्हनमध्ये पुन्हा निळं करून घ्या.

मग हा प्रयोग एकदा जरूर करा: वाळवलेलं एक ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट काट्यावर ठेवा, काट्याचं दार उघडं ठेवा आणि दहा मिनिटं नुसतं बघत बसा. जुलैत आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो. चमच्याने थोडं घाल, थोडं काढ असं करत अचूक ४.०१९ ग्रॅमपर्यंत पोहोचायला पाच मिनिटं घेतलीत, तर तो अचूक आकडा खोटा झालेला असतो.

यावर उतारा असा. वाळवलेलं पोटॅशियम कार्बोनेट ओव्हनमधून काढतानाच घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत भरा. गार झाल्यावर बाटलीसकट तोला. झाकण उघडून अंदाजे लागेल तेवढं मिलिंगच्या, म्हणजे दळून मिसळण्याच्या, भांड्यात एका झटक्यात ओता, झाकण लावा, बाटली पुन्हा तोला. दोन्हींतला फरक म्हणजे भांड्यात पडलेलं खरं वजन. ते ४.०१९ ऐवजी ४.११ असलं तरी बिघडत नाही. त्यावरून सोडियम कार्बोनेट किती हवं ते काढा आणि तेही असंच ओता. शेवटी नायोबियम पेंटॉक्साइड, कारण ते शांतपणे, मिलिग्रॅमपर्यंत तोलता येतं. हट्टी घटकाला आकड्याच्या मागे धावायला लावण्यापेक्षा गरीब घटक त्याच्या मापाने घेतलेला बरा.

पडताळ्यासाठी: निम्मं पोटॅशियम, निम्मं सोडियम असलेल्या २० ग्रॅम केएनएनला पोटॅशियम कार्बोनेट ४.०१९, सोडियम कार्बोनेट ३.०८२ आणि नायोबियम पेंटॉक्साइड १५.४५९ ग्रॅम लागतं, शुद्धता १०० टक्के धरून. बाटलीवर ९९ टक्के लिहिलं असेल तर त्याप्रमाणे भागा.

आगाऊ अल्कली घालायची की नाही, हे आता ठरवता येतं. मी सध्या शून्य टक्क्यांची आणि एक टक्क्याची अशा दोनच बॅचेस करते. पेलेट झाकून, पावडरीत पुरून केली तर माझ्या भट्टीत शून्यवालीच चांगली निघते. तुमची भट्टी मोठी असेल, क्रुसिबलचं झाकण नीट बसत नसेल, तर एक टक्का लागू शकेल. पाच टक्के मात्र आधी वाळवून तोललेल्या पावडरीला फारच होतात.

मिलिंग आणि कॅल्सिनेशन

पाण्यात मिल करू नका, कार्बोनेट विरघळतं आणि वाळताना वेगळं होऊन बसतं. इथेनॉल किंवा आयसोप्रोपॅनॉल वापरा, तेही ताज्या बाटलीतलं. पावसाळ्यात उघडझाप झालेलं इथेनॉल स्वतःच पाणी पिऊन बसलेलं असतं. गाळ ट्रेमध्ये ओतून रात्रभर तसाच ठेवला तर जड नायोबियम पेंटॉक्साइड आधी तळाला जातं, कार्बोनेट वर राहतं. वाळेपर्यंत ढवळत राहा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

कॅल्सिनेशन, म्हणजे पेलेट दाबण्याआधी पावडर भाजणं, मी ८५० अंशांना चार तास, मध्ये एकदा दळून, दोनदा करते. नंतर एक साधी तपासणी: चिमूटभर पावडर थोड्या डिस्टिल्ड पाण्यात ढवळून पीएच पट्टी बुडवा. केएनएन स्वतःही थोडी अल्कली सोडतं, त्यामुळे एकट्या आकड्याला अर्थ नाही. पण चांगल्या निघालेल्या बॅचची पट्टी वहीत चिकटवून ठेवली आणि नवी तिच्याशी ताडून पाहिली तर न मुरलेली अल्कली लगेच उघडी पडते.

मिठाचा डबा

पेलेट पावसाळ्यात टिकेल का, हे कळायला जुलैची वाट पाहायची गरज नाही. घट्ट झाकणाचा डबा घ्या. तळाशी साधं मीठ घालून इतकंच पाणी ओता की मीठ ओलं गच्च होईल आणि थोडं न विरघळलेलं शिल्लक राहील. मिठाच्या संपृक्त द्रावणावरच्या बंद हवेत सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते, लातूर असो की कुठेही. जाळीवर किंवा पालथ्या वाटीवर प्रत्येक बॅचची एकेक पेलेट ठेवा, द्रावणाचा स्पर्श होऊ देऊ नका. ठेवण्याआधी तोला आणि सात दिवसांनी पुन्हा तोला.

माझ्या पाच टक्क्यांच्या जुन्या बॅचची पेलेट तिसऱ्याच दिवशी फुलोऱ्याने पांढरी झाली. शून्यवालीला आठवड्यात काही झालं नाही. आता कुठलीही बॅच या डब्यातून गेल्याशिवाय मी तिच्यावर इलेक्ट्रोड लावत नाही. चांदीची पेस्ट, पोलिंग (जोराचं विद्युत क्षेत्र देणं), नांदेडला एसटीने जाऊन मोजमाप, इतकं सगळं करून झाल्यावर पेलेटचं पीठ झालेलं बघण्यापेक्षा सात दिवस थांबणं परवडतं.

हे सगळं करूनही बिघडत असेल तर

डायमधून, म्हणजे साच्यातून, निघतानाच पेलेटची टोपी उडत असेल किंवा आडवे पापुद्रे सुटत असतील, तर त्यात पावसाचा दोष नाही. दाब जास्त आहे, झटक्यात सोडला आहे किंवा डाय पुसलेली नाही. दाब हळू सोडा.

सुमारे ५०० ते ६०० अंशांपर्यंत बाइंडर जळताना तडा जात असेल, तर तापमान वाढवण्याचा वेग मिनिटाला एक अंशावर आणा.

डायलेक्ट्रिक लॉस, म्हणजे पेलेटमध्ये वाया जाणारी विद्युत ऊर्जा, कमी फ्रिक्वेन्सीला फार जास्त दिसत असेल, तर लगेच ‘कंडक्टिव्हिटी वाढली’ असा निष्कर्ष लिहू नका. तीच पेलेट १५० अंशांना दोन तास ठेवून, डेसिकेटरमध्ये गार करून पुन्हा मोजा. लॉस खाली आला तर छिद्रांतलं पाणी मोजत होतात. माझ्या पहिल्या अहवालातला एक आख्खा आलेख या पाण्याचा होता. सरांनी तो काढायला लावला तेव्हा वाईट वाटलं होतं, आज बरं वाटतं.

घनता मोजताना पेलेट पाण्यात बुडवू नका, इथेनॉल किंवा झायलीन वापरा. सैद्धांतिक घनता ४.५१ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. ४.१ आली तर साधारण ९१ टक्के.

आणि तापमान. केएनएन सुमारे ११४० अंशांना वितळायला लागतं आणि सिंटरिंग व्हायला ११०० च्या आसपास जावं लागतं. जागा इतकी चिंचोळी की भट्टीचा डिस्प्ले वीस-तीस अंशांनी खोटा असेल तर एक तर कच्चं राहतं, नाही तर चिकटतं. पडताळायला मी सराफाकडून २४ कॅरेटच्या तारेचा तांदळाएवढा तुकडा आणला. सोनं १०६४ अंशांना वितळतं. तार अल्युमिनाच्या तुकड्यावर ठेवून पाच-पाच अंशांनी चढत गेले. डिस्प्लेवर १०८० आल्यावर तिचा मणी झाला, म्हणजे माझी भट्टी सुमारे १५ अंशांनी जास्त दाखवते. मणी जपून ठेवलाय, दरवर्षी पुन्हा उपयोगी पडतो.

होल्ड, म्हणजे ठरलेलं तापमान टिकवून ठेवण्याचा वेळ, चालू असताना लाइट गेली तर ती पेलेट मोजमापाला वापरू नका. वहीत लिहा आणि बाजूला ठेवा. प्रोग्रामरमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते, ती ‘थांबा’वर ठेवा. पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा प्रोग्राम पेलेटला दोनदा भाजतो आणि सकाळी आपल्याला पत्ताही लागत नाही.

बिघडलेल्या पेलेट्सचं काय करायचं

पाण्याने धुऊन जास्तीची अल्कली काढायचा मोह होतो. मीही तसं करून पाहिलं. किती निघाली याचा हिशेब राहत नाही, आणि त्या पावडरीतून नंतर काहीही सिद्ध करता येत नाही. त्या पेलेट्स कुटा, २०० अंशांना वाळवा आणि ‘पुरण्याची पावडर’ अशी चिठ्ठी लावून बंद बाटलीत ठेवा. चांगल्या पेलेट्स सिंटर करताना क्रुसिबलमध्ये भोवती हीच पावडर घाला. तिच्यातली जास्तीची अल्कली आतल्या हवेत राहते आणि आपल्या पेलेटमधली उडू देत नाही. पेलेटच्या लगत मात्र तिच्याच बॅचच्या पावडरीचा पातळ थर द्या, नाही तर पृष्ठभाग चिकटतो. माझ्याकडे अशी दोन बाटल्या पावडर जमली आहे. हा पावसाळा त्यावर निघेल.